मंगळवारचा पहिला ड्रम

२ जानेवारी २०२५, गुरुवार. घाटनांदूर

मुनव्वरने आज एक गोणी आणली. आत तपकिरी भुकटी. रंग काकवीचा, वास ओल्या लाकडाचा आणि जरासा करपलेल्या साखरेचा. मी विचारलं, "हे काय बे?" तर म्हणाला, "लिग्नोसल्फोनेट. लिग्नो म्हन. लाकडाचा डिंक समज." लाकडाचा डिंक मला माहीत आहे, बाळंतिणीच्या लाडवात घालतात. हा तसला नाही. कागदाच्या कारखान्यात लाकूड शिजवतात. त्याच्या धाग्यांचा कागद होतो, आणि त्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा जो भाग असतो तो पाण्यात उतरतो. पूर्वी म्हणे ते पाणी नदीत सोडून देत. आता सुकवून विकतात. म्हणजे जगानं फेकून दिलेली वस्तू आमच्या सिमेंटात पडणार.

मी तीस वर्षं एस.टी.च्या तपासणी पथकात काढली. रस्त्यात हात करून गाडी थांबवायची, कंडक्टरची बॅग उघडायला लावायची, तिकिटं पडताळायची. एक शिकलो. ज्याचा चेहरा सगळ्यात भोळा, त्याची बॅग आधी बघावी. ही भुकटी मला फार भोळी वाटली.

मुनव्वर डेपोत मेकॅनिक होता. दोघं एकाच साली निवृत्त झालो आणि गेल्या दसऱ्याला अंबाजोगाई रस्त्यावर हा पेव्हर ब्लॉकचा कारखाना टाकला. पाटीवर दोघांची नावं, सुंदर आणि मुनव्वर. मुलींच्या वसतिगृहाच्या अंगणाचं काम मिळालंय, सहा हजार ब्लॉक. हे काम नीट बसलं तर कारखाना चालेल. नाही बसलं तर पाटी उतरवायची, आणि पाटी उतरली तर मुनव्वर आणि मी रोज सकाळी भेटणार कशाच्या निमित्ताने? म्हणून ही गोणी मला नको होती. चाललंय ते चालू द्यावं.

४ जानेवारी, शनिवार

कबूल करावं लागेल. लिग्नो कालवलेलं पाणी टाकलं की माल मऊसूत होतो. नेहमीपेक्षा दोन बादल्या पाणी कमी टाकलं तरी रबरी साच्यात सरसर पसरला. पाणी कमी तेवढा ब्लॉक पक्का, असं मुनव्वरचं म्हणणं.

मी म्हटलं, हे होतं कसं? तर म्हणाला, "सिमेंटाचे कन पान्यात पडले की दाराशी गर्दी करतेत. मदी जागा मोकळी, पन हलायचं न्हाई कुनी. हे लिग्नो कंडक्टर हाय. म्हनतंय, फुडं सरका, फुडं सरका. गर्दीत अडकलेलं पानी सुटतंय. मंग वरून जास्त पानी कावून घालायचं?"

सटवा गवंडी हसला. मी पण हसलो. पण कंडक्टर कसे असतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

पाण्याच्या दर ड्रमला एक किलो भुकटी. एका ड्रमात दहा गोणी सिमेंटचा माल निघतो. दिवसाला दोन ड्रम. एकेका किलोच्या पुड्या मुनव्वर स्वतः बांधून ठेवतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. हे मी नुसतं लिहून ठेवतोय.

७ जानेवारी, मंगळवार

बायको, कौसल्या, दोन दिवस भुणभुण करत होती. "अवो, नवी वस्तू कारखान्यात आली. तिला ना कुंकू, ना गोड. मग ती नांदंल कशी?" तिच्या म्हणण्यात खोट नाही. आज अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचा वार. मुनव्वर मंगळवारी सकाळी मालात घालायची वीजकेंद्राची राख आणायला ट्रकबरोबर परळीला जातो, दुपारी येतो. ते बरंच. तो काही बोलला नसता, पण त्याच्या देखत कुंकू लावायचं, नैवेद्य दाखवायचा, त्याला उगाच अवघडल्यासारखं नको व्हायला. तो शुक्रवारी नमाजाला जातो तेव्हा मीही हिशेबाची वही काढून खाली मान घालतो. तीस वर्षांत आम्ही एकमेकांचं एवढं सांभाळलंय.

नैवेद्य दाखवून पाव किलो गूळ बोटांनी फोडला आणि सकाळच्या ड्रमात सोडला. वस्तू आमच्या पोटात जाणार नाही, ड्रमात जाणार, मग गोडही ड्रमातच जायला पाहिजे. सटवा म्हणाला, "चेकरसायब, ब्येस केलं. जुन्या बारवा बघा. चुन्यात गूळ, बेलफळ, उडदाचं पानी घालायचे. आमचा आजा सांगायचा. अजून त्या दगडांच्या सांदीत नख रुतत न्हाई." गुळाचा रंग लिग्नोच्या पाण्यात मिसळून गेला. मनाला बरं वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

काल सकाळचे ब्लॉक आज साच्यातून सुटेनात. एकावर अंगठा दाबला, तो आत गेला. शिळ्या बर्फीत जावा तसा. दुपारचे ब्लॉक मात्र खणखणीत.

सिमेंट तेच, खडीची कच तीच, राख तीच, माणसं तीच. बदललं काय? भुकटी. मुनव्वर म्हणाला, थंडी लई हाय, त्यानं उशीर झाला असंल. थंडी दुपारच्या मालाला नव्हती का? कुठंतरी पाणी मुरतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत आणि मंगळवार एकत्र. गेल्या आठवड्यात देवीला कमी पडलं की काय, म्हणून आज अर्धा किलो गूळ आणि मूठभर तिळगूळ. तीळ वर तरंगले, सटव्याने चाळणीने काढले. पूजा मुनव्वर येण्याआधी उरकली. दुपारी तो आला तेव्हा त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याला साखरेचा आजार आहे, तरी कणभर तोंडात टाकून म्हणाला, "गोड बोलतो, घाबरू नगो."

१५ जानेवारी, बुधवार

सकाळचा सगळा माल मातेरं. साचे उपडे केले तर लगदा पडला. दुपारचा उत्तम.

म्हणजे हे थंडीचं काम नाही. हे माणसाचं काम आहे, आणि ते मंगळवारी सकाळी होतं. मंगळवारी सकाळी कोण नसतं? मुनव्वर नसतो. तपासणी पथकात आम्ही पहिलं हेच विचारायचो. गडबड झाली तेव्हा जागेवर नसायची सोय नेमकी कुणाची होती? मंगळवारच्या पुड्या तो सोमवारी संध्याकाळी बांधून ठेवतो, आणि परळीला निघून जातो.

हे लिहिताना हात थोडा थांबला. पण वहीत खोटं लिहून काय मिळणार?

१७ जानेवारी, शुक्रवार

कौसल्याच्या फोनवरून लिग्नोच्या व्यापाऱ्याला फोन केला. मी परभणीकडचं गिऱ्हाईक आहे असं सांगितलं. बोलका माणूस. म्हणाला, सिमेंटात तर चालतंच, शिवाय जनावरांच्या पेंडीच्या गोळ्या बांधायला लागतं, मातीच्या रस्त्यावर शिंपडलं की धूळ उडत नाही, फवारणीच्या पावडरी पाण्यात तळाशी बसू नयेत म्हणून त्यात घालतात, भट्टीच्या विटांच्या मातीतही घालतात.

म्हणजे पेंडीत हे चिकटवतं आणि सिमेंटात हे सुटं करतं. एका गावात सोयरीक जुळवतो आणि दुसऱ्या गावात मोडतो, असा माणूस मी ओट्यावर बसू दिला नसता.

मी विचारलं, माल धरत नाही असं कधी होतं का? म्हणाला, "प्रमाणाबाहेर पडलं की होतं. आणि हलक्या मालात लाकडाची साखर राहून जाते, त्यानंही होतं. आमचा माल तसला नाही." साखर म्हणताना त्याचा आवाज चाचरला. पण मला पहिलं वाक्य पुरेसं होतं. प्रमाणाबाहेर. प्रमाण कुणाच्या हातात आहे?

पण का करेल तो? हे काही सुचत नाही. कारखाना निम्मा त्याचाच आहे. कुणी दुसरा त्याला फोडत असेल. सिरसाळ्याकडे कुणी ब्लॉकचं मशीन टाकतंय असं ऐकलं होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

अर्धा किलो गूळ. आज नारळही फोडला.

मुनव्वर आज दहालाच परतला. ट्रकवाल्याने लवकर सोडलं म्हणाला. मी साच्यांच्या रांगेआड होतो, त्याला दिसलो नाही. तो थेट ड्रमापाशी गेला. ड्रमाच्या काठावर मुंग्या लागल्या होत्या, त्या वाकून बघितल्या. मग तळाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बोट परत बुडवलं, परत चाखलं. मी पुढे झालो तर दचकला, बोट पायजम्याला पुसलं. चोराच्या मनात चांदणं.

"काय बघायलास?" मी विचारलं.

"काय न्हाई. सकाळी कोन आलतं का?"

"कोण येणार? मी आणि सटवा."

त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्या कपाळाच्या कुंकवाकडे बघितलं. चहाच्या वेळी एकदम म्हणाला, "सुंदर, एक कर. मंगळवारी सकाळी मशीन बंद ठिवू. सर्व्हिसिंग करू, तेलपानी करू. दुपारनंच काम लावू."

मी म्हटलं, देवीच्या वारी मशीन बंद? ते जमणार नाही. त्याने कप विसळून ठेवला. त्याला मंगळवारची सकाळ रिकामी कशाला हवीय? माग काढणाऱ्याची वाट बंद करायला?

२४ जानेवारी, शुक्रवार

दोन गोष्टी. त्या लिहितो आणि मग झोपतो.

एक. लिग्नोची गोणी मी वजनकाट्यावर ठेवली. गेलेल्या पुड्या वजा केल्या. दीड किलो कमी भरते. दीड किलो भुकटी कुठे गेली?

दोन. चाँदबी, मुनव्वरची बायको, आज आमच्या घरी आली होती. कौसल्याकडे गूळ मागितला. तोही कुठलाही नको. "तुमी देवाला वापरता त्याच ढेपेतला द्या, वहिनी." कौसल्याने दिला. कौतुकाने मला सांगत होती. ज्या घरात साखरेचा रोगी आहे त्या घरात गूळ कशाला? आणि आमच्याच ढेपेतला? मला काही अर्थ लागत नाही, पण अर्थ न लागणं हीच संशयाची पहिली पायरी असते.

२८ जानेवारी, मंगळवार

यावेळी पूर्ण एक किलोची ढेप. देवीला म्हटलं, आई, जो कोणी हे करतोय त्याचं पितळ उघडं पाड.

२९ जानेवारी, बुधवार

वत्सलाबाई आल्या होत्या, वसतिगृहाच्या गृहप्रमुख. नेमक्या आज. साच्यांपाशी उभ्या राहिल्या आणि काल सकाळचा एक ब्लॉक त्यांनी स्वतः उचलला. तो त्यांच्या हातात दुभंगला आणि चिखल त्यांच्या साडीवर पडला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सुंदरराव, या अंगणात माझ्या शंभर मुली पळणार आहेत. चौदा फेब्रुवारीपर्यंत मला चांगला माल दाखवा. नसता मी दुसरीकडे सांगते."

मुनव्वर म्हणाला, "बाई, आमी करतो. मी जिम्मा घेतो."

जिम्मा घेतो म्हणे.

३० जानेवारी, गुरुवार

आज केलं.

संध्याकाळी सुट्टी झाली. मुनव्वर त्याची कापडी पिशवी घेऊन फाटकाकडे निघाला. पिशवी जड दिसत होती. मी फाटकात उभा राहिलो, हात केला. पूर्वी गाडीला करायचो तसाच. सटवा आणि कामावरची पाच माणसं हातपाय धूत होती.

"पिशवी उघड," मी म्हटलं.

त्याला वाटलं गंमत करतोय. "कावून बे? तिकीट न्हाई माज्याकडं."

"उघड म्हणतोय."

मग त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. त्याने पिशवी खाली ठेवली नाही. माझ्यासमोर धरली आणि उघडली. मी एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली. जेवणाचा डबा. औषधाची पाकिटं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली लिग्नोची भुकटी. दुसऱ्या पुडीत सिमेंट. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा खडा. आणि एक कागद, पूर्ण उर्दूत लिहिलेला, आकड्यांच्या रांगा.

"हे काय लिहिलंय?"

"घरचं हाय."

"माल घरी नेतोस? कुणासाठी? सिरसाळ्याच्या माणसासाठी?"

"कोन सिरसाळ्याचा?"

"मंगळवारी बरोबर गायब असतोस. पुड्या तूच बांधतोस. चार आठवडे माल कोण नासवतंय, सांग सगळ्यांसमोर."

सटवा मध्ये पडला, "चेकरसायब, आवो..." मी त्याला गप्प केलं. मुनव्वर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मला वाटलं आता बोलेल. त्याने सगळ्या वस्तू एकेक करून परत पिशवीत ठेवल्या. भुकटी आणि सिमेंट तेवढं ओट्यावर सोडलं. म्हणाला, "हे कारखान्याचं हाय." आणि गेला.

खरा माणूस असता तर भांडला असता. मी शेकडो बॅगा उघडल्यात. जो गप्प बसतो तो दोषी असतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

मुनव्वर आला नाही. मी केलं ते बरोबर केलं. सटवा माझ्याशी कामापुरतं बोलतो. कौसल्या तेवढंही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आता पुड्या मी बांधतो. ड्रम मी भरतो. माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. आज देवीला एक किलो गूळ दिला, साकडं म्हणून नाही, उपकार म्हणून. तिनं चोर दाखवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

लगदा.

पुड्या माझ्या. ड्रम माझा. वजन माझं. मुनव्वर पाच दिवस कारखान्यात फिरकलेला नाही. तरी काल सकाळचे ब्लॉक साच्यातून चिखलासारखे पडले, आणि दुपारचे दगडासारखे निघाले.

साच्यांसमोर बसून राहिलो. मी सगळी साखळी बरोबर जोडली होती. तिच्यातून माणूस काढला तरी साखळी तशीच आहे. याचा अर्थ काय होतो ते मला कळतंय आणि लिहायचं धाडस होत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. अंबाजोगाईहून परत

माझी भाची स्वप्नाली तिथल्या एका कॉलेजात सिमेंट-काँक्रीटच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्याकडे महिन्यापूर्वी जायला हवं होतं. गेलो नाही, कारण मला हा गुन्हा वाटत होता, आणि गुन्ह्यातलं मला तिच्यापेक्षा जास्त कळतं.

लगद्याचा तुकडा, भुकटी, आणि मंगळवारच्या ड्रमातलं तळाचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. तिने आधी भुकटी बघितली. काचेच्या दोन नळ्यांत पाणी आणि सिमेंट घातलं, एकीत चिमूटभर लिग्नो टाकलं. पहिलीत सिमेंट गोळा होऊन तळाशी बसलं. दुसरीत पाणी बराच वेळ राखाडी राहिलं, कण सुटे सुटे तरंगत होते. मुनव्वरने सांगितलं होतं तसंच. म्हणाली, "मामा, माल चांगला आहे. प्रमाणही बरोबर घालताय. यानं थोडा उशीर होतो, पण एवढा नाही." मग तिने बाटलीचं बूच काढून वास घेतला. वास घेऊन माझ्याकडे बघितलं.

"यात साखर पडली का?"

"साखर? छे. शपथेवर सांगतो, साखरेचा कण नाही."

"मग गोड काही?"

मी म्हटलं, "गूळ आहे."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, साखर सिमेंटाला धरू देत नाही. हजार किलोला किलोभर पडली तरी काम बिघडतं, आणि लिग्नो स्वतःच उशीर करणारं, त्यात ही भर. मी बारवेचं सांगितलं, सटव्याच्या आज्याचं सांगितलं. "तो चुना होता, मामा. त्यात गूळ घालायचे ते खरंय. सिमेंटाची गोष्ट वेगळी आहे. किती घालत होता?"

पाव किलो. मग अर्धा. मग किलो. जसजसा माल नासला तसतसा वाढवत गेलो. पाचशे किलो सिमेंटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा नाही, मी तर माणूस तुडवून आलो.

एस.टी.त खिडकीशी बसून परतलो. सारखं एकच डोळ्यांपुढे येत होतं. ड्रमात बुडवलेलं बोट. त्याला तेव्हाच कळलं होतं. मग बोलला का नाही?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नमाजानंतर मुनव्वरच्या घरी गेलो. दार चाँदबीने उघडलं. "या," म्हणाली, पण दारातून बाजूला व्हायला वेळ लावला.

मागच्या अंगणात भिंतीलगत फळी मांडलेली. फळीवर कान तुटलेल्या चहाच्या कपांतून काढलेले सिमेंटचे गोळे, तीसेक असतील. प्रत्येकाखाली उर्दूत लिहिलेली चिठ्ठी. मुनव्वर बाजेवर बसला होता. उठला नाही.

मी म्हटलं, "मुनव्वर, गूळ मी टाकत होतो."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"बोट चाटलं तवापासनं."

मी एक गोळा उचलला, चिठ्ठीकडे बोट दाखवलं. त्याने न बघता वाचलं. "ड्रमाच्या हिशेबानं गूळ पाव, लिग्नो पुरं. तीन दिस न्हाई धरलं." पुढचा. "गूळ पाव, लिग्नो निम्मं. दोन दिस." शेवटून दुसरा कडक होता, फरशीवर आपटला तर वाजला. "गूळ पाव, लिग्नो अजाबात न्हाई, सिमेंट जास्त. दुसऱ्या दिशी धरलं. अर्ध्या किलोला जमंना. किलोचं तर नावच नगो."

तो माझ्या गुळाला पचेल असा माल शोधत होता. भुकटी त्याची, हट्ट त्याचा, महिनाभर तिचं कौतुक केलेलं. आणि मंगळवारी तीच काढून टाकायला तो तयार झाला होता, म्हणजे माझ्या देवीचं पाव किलो चालू राहील.

"अरे, मला सांगायचं ना एका शब्दानं!"

"काय सांगू? तुज्या देवाचं कमी कर म्हनू? सटवा म्हनला आस्ता तर तू हासला आस्तास. मी म्हनलो आस्तो तर तुज्या मनात काय आलं आस्तं, तूच सांग."

मी सांगितलं नाही. कारण काय आलं असतं ते मला नीट माहीत आहे. एका क्षणासाठीच आलं असतं, पण आलं असतं.

"मला वाटलं पूजा उरकून तू मला सांगतूस का बघू. तू म्हनलास कोन न्हाई आलतं. मंग मी समजलो, तुला ते माज्यापासनं झाकायचं हाय. झाकू दे म्हनलं."

मी त्याच्यापासून झाकलं ते त्याला परकं वाटू नये म्हणून. हे सांगायला गेलो आणि सांगता सांगता मलाच ते फार लंगडं वाटलं. चाँदबी चहा घेऊन आली. मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्याने पाय बाजेवर घेतले. म्हणाला, "तसलं काय करू नगो. च्या पी."

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सगळ्यांना फाटकापाशी बोलावलं, जिथे त्याची पिशवी उघडायला लावली होती तिथेच. सांगितलं की माल मी नासवला, मुनव्वरने नाही. त्याच्यावर आळ घेतला तो खोटा. तो घरी भुकटी नेत होता ती कारखाना वाचवायला. सटवा म्हणाला, "गुळाचं म्या बी म्हनलतो, सायब. निम्मं माज्यावर घाला." त्याचा मोठेपणा. मी घातलं नाही.

तीस वर्षांत असं कुणासमोर बोललो नव्हतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पूजा केली. गूळ ड्रमात नाही, माणसांच्या हातावर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल सकाळचे ब्लॉक साच्यातून सुटले ते टणटण वाजत. सगळे टाळ्या पिटत होते. मी मुनव्वरला फोन केला, त्याने घेतला नाही. चाँदबीने घेतला. म्हणाली, सांगते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वत्सलाबाई आल्या. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून बघितले, एक पाण्यात टाकून बघितला. काम आमच्याकडेच राहिलं. विचारलं, "ते जिम्मा घेणारे कुठे आहेत?" मी म्हटलं, येतील. येईल का ते मला माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुनव्वर आला.

सकाळी आठला, नेहमीसारखा. सटव्याने त्याला मिठी मारली. कुणी काही विचारलं नाही. त्याने मिक्सरच्या पट्ट्याचा आवाज ऐकला, शिवी हासडली, म्हणाला, "पंधरा दिस कुनी ग्रीस दिलं न्हाई व्हय याला?" आणि हात काळे करून घेतले. दुपारी आम्ही एकत्र जेवलो. त्याने माझ्या डब्यातली मेथी घेतली. मी काहीतरी विनोद केला, तो हसला. मला वाटलं, सुटलो. लाकडाचा चिकटा निघून जातो आणि लाकडाचा कागद होतो, पण आमच्यातला अजून शाबूत आहे, असं काहीतरी डोक्यात येत होतं. खूष होतो.

संध्याकाळी तो निघाला. मी फाटकापाशी उभा होतो, नुसता, वारं खात. मला बघून त्याचे पाय थांबले. त्याने पिशवी खांद्यावरून काढली, दोन्ही हातांनी तोंड उघडलं आणि माझ्यासमोर धरली. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हात आपोआप झाले होते. आत रिकामा डबा आणि औषधाची पाकिटं होती.

दोघांनाही एकदमच कळलं. त्याने पिशवी मिटली. "आदत," तो म्हणाला, "एका दिसात लागली बग." आणि खाली मान घालून गेला.

मी फाटकाला धरून रडलो. सटव्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उद्यापासून सुट्टीच्या वेळी मी मागच्या शेडमध्ये बसणार आहे, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत.